खोक्यावरचं नाव आणि आतलं हळकुंड

पत्र सांगलीहून आहे. लिहिणारा २१ वर्षांचा, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. वडील मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानात दिवाणजी आहेत. आठवी-नववीच्या मुलांच्या शिकवण्या घेऊन याने दोन वर्षांत २१ हजार रुपये साठवले आहेत आणि त्यातून पीसीसाठी ग्राफिक्स कार्ड (पडद्यावरचं चित्र काढणारं कार्ड) घ्यायचं आहे. घरी आय-फाइव्ह १०४०० प्रोसेसरचा जोडून घेतलेला पीसी, १६ जीबी रॅम, कॅबिनेटबरोबर फुकटात आलेला ‘४५० वॉट’चा एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा. गेम खेळायचे आहेत, ब्लेंडर हे थ्रीडी चित्रं बनवायचं सॉफ्टवेअर शिकायचं आहे. कार्ड ठरलंय, आरटीएक्स ३०५०, ६ जीबी. अडलंय ते कंपनीवर. एका कंपनीचं एका पंख्याचं कार्ड १६,८०० ला, दुसरीचं साधं दोन पंख्यांचं १७,९०० ला, आणि तिसऱ्या, सगळ्यांना ठाऊक असलेल्या नावाचं, जाड, दिवेवालं, खोक्यावर ‘ओसी’ लिहिलेलं २०,५०० ला. पुण्याचा मावसभाऊ म्हणतो, स्वस्तातलं घेऊन रडत बसू नकोस. इथला दुकानदार म्हणतो, चिप तीच आहे, काहीही घ्या. ऑनलाइन तेच कार्ड ६०० रुपयांनी कमी दिसतं. वडील विचारतात, “चिप तीच, तर भाव तीन कसे?” दोन महिने व्हिडिओ बघण्यात गेले. “स्वस्त घेतलं तर पस्तावेन, महाग घेतलं तर फसलो असं वाटेल. काय करू?”

मित्रा,

कंपन्यांची नावं तू पत्रात लिहिली होतीस, ती मी गाळली आहेत. नावं छापली की इथे भाऊबंदकी सुरू होते; ज्याच्या घरात ज्या कंपनीचं कार्ड, तो तिच्या बाजूने काठी घेऊन उभा. शिवाय तुझ्या प्रश्नाचं उत्तर नावांत नाहीच.

पत्रातला सगळ्यात नेमका प्रश्न तुझ्या वडिलांचा आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. ३०५० ची चिप एनव्हिडिया या कंपनीने आखली आणि ती सॅमसंगच्या कारखान्यात बनली. असूस, एमएसआय, गिगाबाईट, झोटॅक, इनोथ्रीडी या मंडळींनी ती विकत घेतली, आपल्या बोर्डावर बसवली, वर थंड करायला अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा आणि पंखे लावले, खोक्यात घातली आणि वॉरंटीचा कागद जोडला. एनव्हिडियाने ३०५० चं स्वतःच्या नावाचं कार्ड काढलंच नाही, त्यामुळे ‘ओरिजिनल कंपनीचं’ असं यात काही नसतं. तू भाव करतोयस तो चिपभोवतीच्या गोष्टींचा.

वडिलांना त्यांच्या भाषेत सांग. हळकुंड तेच, पण पॉलिश किती मारलं आणि कुठल्या पोत्यात भरलं त्यावर भाव हलतो. सौद्याला उभा राहिलेला जाणता खरेदीदार पोत्यातलं एक हळकुंड उचलून मोडतो आणि आतला रंग बघतो. तसं कार्ड मोडून बघता येत नाही, एवढीच आपली अडचण. म्हणून खोक्यावरची बारीक अक्षरं वाचायची.

बारीक अक्षरांत पहिलं बघायचं ते तुझ्या दुकानदाराचं ‘चिप तीच’. ते तुझ्या तिन्ही कार्डांपुरतं खरं आहे, पण नेहमीच खरं नसतं. ३०५० नावाची दोन वेगळी कार्डं बाजारात आली. जानेवारी २०२२ मध्ये आलेलं ८ जीबीचं, त्यात २५६० कोअर (हिशेब करणारे छोटे भाग), मेमरीचा रस्ता १२८ बिट रुंद, विजेचं खाणं १३० वॉट. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेलं ६ जीबीचं, २३०४ कोअर, रस्ता ९६ बिट, खाणं ७० वॉट. म्हणजे कमी झाली ती नुसती दोन जीबी मेमरी नव्हे, कार्डच खालच्या पायरीचं आहे. फोनवर ‘३०५० आहे का’ विचारलंस तर दोन्ही कार्डांसाठी उत्तर ‘आहे’च येईल. याआधी जीटी १०३० या एनव्हिडियाच्याच कार्डाच्या बाबतीत तर याहून वाईट झालं. २०१७ ला ते जीडीडीआर५ मेमरीसह आलं, २०१८ ला त्याच नावाने साध्या डीडीआर४ मेमरीचं निघालं, आणि मेमरीचा वेग सेकंदाला ४८ जीबीवरून १७ च्याही खाली आला. खोकं तसंच, नाव तेच. तेव्हा दोन कंपन्यांची तुलना करण्याआधी मेमरी किती, कुठल्या जातीची आणि किती बिट, हे तीन आकडे जुळतात का ते बघ. जुळले नाहीत तर ती तुलनाच नाही.

आता ‘ओसी’, म्हणजे ओव्हरक्लॉक, कारखान्यातूनच वेग थोडा वाढवलेलं. तिसऱ्या कार्डाच्या भावातला मोठा वाटा या दोन अक्षरांचा आहे. ६ जीबीच्या ३०५० चा ठरलेला वेग १४७० मेगाहर्ट्‌झ. ओसी लिहिलेल्या एका कार्डावर मी १४९२ वाचला. फरक २२ चा, म्हणजे दीड टक्का. जिथे गेममध्ये सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे चित्रं, मिळत होत्या तिथे जेमतेम ६१ मिळतील, आणि ती एकसष्टावी फ्रेम ओळखून दाखवणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. त्यात हे कार्ड बहुतेक कंपन्यांच्या रूपात मदरबोर्डच्या खाचेतूनच वीज घेतं, आणि ती खाच ७५ वॉटच्या वर देत नाही. विहिरीत जेवढं पाणी तेवढीच उडी. १७,९०० आणि २०,५०० मधले २६०० रुपये तू या उडीसाठी देऊ नयेस असं माझं मत आहे.

मग मावसभाऊ चुकला का? अर्धाच. मोठ्या नावाचं कार्ड चांगलं असतं हे त्याने बघितलेलं असणार, पण त्याने बहुधा त्या कंपनीचं वरच्या श्रेणीतलं कार्ड बघितलंय. प्रत्येक कंपनीची उतरंड असते. असूसचंच घे: स्ट्रिक्स वेगळं, टफ वेगळं, ड्युअल वेगळं. तू जे व्हिडिओ बघतोस त्यांतली बरीचशी कार्डं कंपनीने परीक्षणासाठी पाठवलेली असतात, आणि कंपनी आपली सगळ्यात देखणी मुलगीच दाखवायला बाहेर बसवते. स्वस्तातल्या कार्डाचं त्याच नावाखाली काय झालंय ते कुणी दाखवत नाही. म्हणून कंपनीला कंपनी लावू नकोस. श्रेणीला श्रेणी लाव. कमी गाजलेल्या कंपनीचं मधल्या श्रेणीचं कार्ड आणि गाजलेल्या कंपनीचं तळाचं कार्ड एकाच भावात असतील, तर मी डोळे झाकून पहिलं घेईन. आणि नाव कायम राहील याचीही खात्री नसते. ईव्हीजीए हे अमेरिकेत डोक्यावर घेतलेलं नाव. त्यांनी सप्टेंबर २०२२ मध्ये आपण पुढची ग्राफिक्स कार्डं काढणार नाही असं जाहीर करून टाकलं.

मग एका पंख्याचंच का घेऊ नये, असं तू म्हणशील. ११०० रुपये वाचतात. पुण्यामुंबईत एसीच्या खोलीत बसणाऱ्याला मी तेच सांगितलं असतं. ७० वॉट म्हणजे आपल्या छताला टांगलेला जुना पंखा खातो तेवढी वीज, तेवढी उष्णता एक छोटा पंखाही बाहेर फेकतो. पण मे महिन्यातली सांगली आठव. तापमापी चाळिशीला टेकलेली, दुपारी दोनला लाइट जाऊन आलेली, खोलीचं छत स्लॅबचं. परीक्षण करणाऱ्याच्या खोलीत २५ अंश असताना जे कार्ड ६५ ला चालतं, ते तुझ्या ३८ अंशांच्या खोलीत साधारण तेवढंच वर सरकून ७८ ला जाईल. एनव्हिडियाची बरीच कार्डं ८३ च्या आसपास गेली की स्वतःच वेग कमी करतात. म्हणजे जळणार नाही, पण छोटा पंखा जीव खाऊन फिरत राहील, आवाज येईल, आणि स्वस्त कार्डात सगळ्यात आधी मरतो तो पंखाच. दोन पंखे हळू फिरून तेच काम करतात. इथे हजार-अकराशे रुपये जास्त देणं मला पटतं. कॅबिनेट बंद भिंतीला चिकटवून ठेवलेलं असेल तर आधी ते वीतभर पुढे ओढ. त्याला पैसे पडत नाहीत.

धुळीचं तुझ्या घरात विशेष प्रकरण आहे. मार्केट यार्डात माझ्या एका मित्राचं हळदीचं दुकान आहे. त्याच्या कचेरीतला पीसी दर दोन तासांनी बंद पडायचा, म्हणून मी एका रविवारी उघडला. पंख्याची सगळी पाती पिवळी. मागच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्यांमध्ये पावसाळी हवेने धरून ठेवलेली हळद, दुधावरच्या सायीसारखी, नखाने उचलली तर अख्खी निघत होती. टूथब्रशने अर्धा तास घासलं. घरी गेलो तर बायकोने हात बघून विचारलं, कुणाच्या हळदीला जाऊन आलात? तो पीसी अजून चालतो. तुमच्या घरी इतकं नसेल, पण वडिलांच्या कपड्यांवरून थोडी येतेच. दर दोन-तीन महिन्यांनी पीसी बंद करून, वायर काढून, पंख्याची पाती बोटाने धरून मऊ ब्रशने धूळ काढ. पाती मोकळी सोडून ब्लोअर मारू नकोस, पंखा नको इतका गरगरतो आणि बेअरिंग ढिलं होतं.

वॉरंटीचं सांगतो, कारण सांगलीकराने यावर कंपनी निवडावी असं मला मनापासून वाटतं. बहुतेक कंपन्या तीन वर्षं देतात. काही ठिकाणी खरेदीनंतर ठरावीक दिवसांत वेबसाइटवर नोंदणी केली तर वाढवून मिळते, ते खोक्यावर किंवा आतल्या कागदावर असतं आणि लोक वाचत नाहीत. पण किती वर्षं यापेक्षा मोठा प्रश्न म्हणजे कार्ड बंद पडलं तर ते कुठे नेऊन द्यायचं. इथेच कुणी स्वीकारतं, कोल्हापूरला जावं लागतं, की पुण्याला कुरिअर करावं लागतं? कुरिअरचे पैसे कोणाचे? परत यायला साधारण किती दिवस लागतात? हे प्रश्न तिन्ही कार्डांबद्दल त्याच दुकानदाराला विचार. ज्याने मागच्या वर्षभरात त्या कंपनीची दोन-चार कार्डं दुरुस्तीला पाठवली असतील, तो लगेच सांगेल. जो ‘काही होत नाही हो’ म्हणून हात झटकेल, त्याच्याकडून घेऊ नकोस.

ऑनलाइन वाचणारे ६०० रुपये या हिशेबात धर. जवळचा दुकानदार पक्कं बिल देत असेल, बिलावर कार्डाचा सिरियल नंबर लिहीत असेल, आणि वॉरंटीला कार्ड मी पाठवतो म्हणत असेल, तर ६०० रुपये ही त्याची मजुरी आहे आणि ती महाग नाही. पण बिलाशिवाय १८ टक्के जीएसटी वाचवून देतो म्हणणारा दुकानदार ‘आपला माणूस’ म्हणून डोक्यावर घेऊ नकोस. दीड वर्षाने कार्ड बिघडलं की आपला माणूस तुला ओळखणार नाही. ऑनलाइन मागवलंस तर खोकं उघडतानाचा व्हिडिओ काढ, सील आणि सिरियल नंबर दिसेल असा. दुबईहून येणाऱ्या कुणाकडून मागवायचा मोह झाला तर आधी त्या कंपनीची वॉरंटी भारतात चालते का ते विचार. अनेकदा चालत नाही.

आता तू न विचारलेला प्रश्न. २०,५०० द्यायची तुझी तयारी आहे, तर त्या रकमेत याच्या वरच्या पायरीची चिप येते का? एएमडी या दुसऱ्या चिप कंपनीची आरएक्स ६६०० साधारण त्याच भावाच्या आसपास मिळून जाते. ऑक्टोबर २०२१ चं कार्ड आहे, पण ८ जीबी मेमरी आणि १२८ बिट. गेममध्ये ते ६ जीबीच्या ३०५० ला सरळ मागे टाकतं. एकाच चिपचं महागडं रूप घेण्यापेक्षा वरच्या चिपचं साधं रूप घ्यावं, हा स्वस्त कार्डांचा माझा नियम आहे, आणि आत्तापर्यंत तो मला मोडावा लागला नव्हता. तुझ्यासाठी मोडावा लागतोय, कारण दोन गोष्टी आड येतात.

एक म्हणजे ब्लेंडर. रेंडरिंगला, म्हणजे तयार आकृतीचं शेवटचं चित्र काढायला, एनव्हिडियाच्या कार्डांना ऑप्टिक्स या त्यांच्याच तंत्राचा आधार मिळतो. एएमडीवरही ब्लेंडर चालतं, पण तिथे ऑप्टिक्स नाही, आणि शिकताना जे धडे तू बघशील ते बहुतेक एनव्हिडिया धरून केलेले असतात. दुसरी गोष्ट तुझा एसएमपीएस. आरएक्स ६६०० ला १३२ वॉट लागतात आणि आठ पिनांची वेगळी वायर लागते. कॅबिनेटची बाजू उघडून एसएमपीएसवरचं लेबल बघ. मोठ्या अक्षरातले ४५० वॉट सोडून दे. तक्त्यात १२ व्होल्टखाली किती अँपिअर लिहिलेत ते शोध आणि १२ ने गुण. १८ अँपिअर असतील तर हिशेब २१६ वॉटवर थांबतो. तेवढ्यात तुझा प्रोसेसर आणि ७० वॉटचं कार्ड काठाकाठाने चालेल, ६६०० चालवणं म्हणजे विस्तवाशी खेळ. दुकानदार साध्या वायरीला आठ पिनांचा जोड लावून देतो म्हणेल, तर हात जोड. चांगला एसएमपीएस घ्यायचा तर तुझे २१ हजार ओलांडले जातात. नुसते गेमच खेळायचे असते तर मी सांगितलं असतं, आणखी दोन-तीन महिने शिकवण्या घे आणि एसएमपीएससकट ६६०० घे. तुझ्यासारखाच प्रश्न असलेल्या आणि ब्लेंडरशी देणंघेणं नसलेल्या वाचकांनी हे वाक्य आपल्यासाठी समजावं.

भाव पाडायच्या नादात कुणी आरएक्स ६५०० एक्सटी गळ्यात मारेल, तर नको म्हण. ते मदरबोर्डच्या खाचेतल्या, माहिती वाहून नेणाऱ्या, चारच मार्गिका वापरतं. खाचेच्या नव्या, वेगवान पिढीच्या, पीसीआय ४.० च्या बोर्डावर ते खपून जातं, तुझा १०४०० जुन्या ३.० चाच आहे, तिथे ते गुदमरतं. सेकंडहँडही या खेपेला नको. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग (कार्डांवर हिशेब करून ते चलन मिळवणं) थांबलं आणि रात्रंदिवस राबलेली कार्डं बाजारात आली. त्यांतली काही चांगलीही असतात, पण ती ओळखायला अनुभव लागतो. नाव बदलून विकलेली बनावट कार्डंही फिरतात. नवं घेतलंस तरी पहिल्या दिवशी जीपीयू-झेड हा फुकटचा छोटा प्रोग्रॅम चालवून मेमरी आणि बिट खोक्याशी ताडून बघ.

निघण्याआधी घरातली पट्टी घे आणि कॅबिनेटच्या आत मागच्या पत्र्यापासून हार्ड डिस्कच्या पिंजऱ्यापर्यंतचं अंतर मोज. मी हे केलं नव्हतं. हौसेने तीन पंख्यांचं, ३० सेंटिमीटर लांबीचं कार्ड आणलं, ते पिंजऱ्याला अडलं. कुपवाड एमआयडीसीत एका ओळखीच्या वेल्डिंगवाल्याला फोन करून म्हणालो, कॅबिनेट कापायचंय. पोचलो तर त्याने लोखंडी कपाट येणार म्हणून उतरवायला दोन माणसं उभी केलेली. माझ्या हातातला डबा बघून तिघेही हसले. पिंजरा कापून दिला, पैसे घेतले नाहीत, पण तो किस्सा अजून सांगतो. आणि मॉनिटरच्या पाठीमागे बघ. निळी, पंधरा टोचांची व्हीजीए वायर असेल तर या कार्डांवर ती बसत नाही. एचडीएमआयवरून व्हीजीए करणारा अडॅप्टर त्याच दुकानातून घे, नाहीतर कार्ड घरी येऊन रात्रभर टेबलावर पडून राहील.

तर मी तुझ्या जागी असतो तर १७,९०० चं मधलं कार्ड घेतलं असतं, वॉरंटीच्या प्रश्नांना त्या कंपनीची उत्तरं बरी आली तर. ती वाईट आली आणि एका पंख्यावाल्या कंपनीची चांगली आली, तर तेही चालेल, खोलीत हवा खेळती ठेव. उरलेले तीन हजार एसएमपीएससाठी बाजूला टाक. पुढची शिकवणीची फी आली की तो बदल.

ब्लेंडरसाठी मात्र कार्डाची वाट बघू नकोस. १०४०० मध्ये आतलं ग्राफिक्स असतं. त्यावर रेंडर रडत रडत होईल, पण खुर्ची, कपबशी, आयर्विन पुलाची कमान बनवायला शिकणं आज रात्रीही सुरू करता येतं. गेलेल्या दोन महिन्यांत तेवढं झालं असतं.

दुकानात जाताना वडिलांना बरोबर घेऊन जा. त्यांना चिपमधलं काही कळत नसलं तरी त्यांचा जन्म सौद्यात गेलाय, दोन-तीनशे रुपये ते सहज खाली आणतील, आणि बिलावर नंबर लिहिल्याशिवाय दुकानदाराला उठू देणार नाहीत. आणि रिकामं खोकं तीन वर्षं जपायचंय, वॉरंटीला लागेल तर त्यातूनच कार्ड जायचं आहे. आईला आजच सांगून ठेव, नाहीतर दिवाळीच्या आवराआवरीत ते रद्दीवाल्याकडे जाईल.